निकाल कोणी द्यायचा?

आठव्या हेन्रीबद्दल बहुतेकांना दोन गोष्टी ठाऊक असतात. त्याला सहा बायका होत्या, आणि पोप घटस्फोट देईना म्हणून त्याने स्वतःचं चर्च काढलं. हे दुसरं वाक्य मीही बरीच वर्षं असंच म्हणत आलो. पुढे त्या काळाबद्दल सलग वाचायला लागलो, तेव्हा त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अडायला लागला. हेन्रीने घटस्फोट मागितलेलाच नव्हता. पोपने 'नाही' म्हणायला सात वर्षं लावली, आणि तो तसं म्हणाला तोवर हेन्रीचं दुसरं लग्न होऊन त्याला मुलगीही झाली होती. आणि 'तुम्ही नवं चर्च काढलंत' असं कुणी हेन्रीच्या तोंडावर म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्याची काही धडगत नव्हती. हेन्रीच्या मते चर्च जुनंच होतं. त्याने फक्त त्यातला रोमच्या बिशपचा हस्तक्षेप दूर केला होता.

मग नेमकं झालं काय? एका घरातलं भांडण एका देशाच्या धर्मसंस्थेपर्यंत कसं पोचलं? माझ्या मते याची किल्ली हेन्रीच्या प्रेमप्रकरणात कमी आणि त्याने निवडलेल्या कायदेशीर मुद्द्यात जास्त आहे.

सुरुवात घटस्फोट या शब्दापासून करू. कॅथलिक कायद्यानुसार वैध लग्न फक्त मृत्यूने संपतं. न्यायालय फार तर एवढंच म्हणू शकतं, की अमुक लग्न मुळात लग्न नव्हतंच, कारण ते करायलाच बाधा होती. आपल्या हिंदू विवाह कायद्यातही विवाह रद्दबातल ठरवणं आणि घटस्फोट देणं ही वेगवेगळी कलमं आहेत. हेन्रीला हवं होतं ते पहिलं. त्याला जाहीर करून हवं होतं, की अठरा वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती आपली बायको कधी नव्हतीच.

ती बायको म्हणजे अ‍ॅरागॉनची कॅथरिन, स्पेनच्या फर्डिनंड आणि इझाबेला यांची मुलगी. नोव्हेंबर १५०१ मध्ये तिचं लग्न झालं ते हेन्रीशी नव्हे, तर त्याचा थोरला भाऊ आर्थर याच्याशी. आर्थर पंधरा वर्षांचा होता. पाच महिन्यांत, एप्रिल १५०२ मध्ये, तो वारला. स्पेनशी जुळलेली सोयरीक दोन्ही बाजूंना तोडायची नव्हती, म्हणून धाकट्या दिराशी तिचं लग्न ठरवण्यात आलं. भावजयीशी लग्न करायला चर्चच्या कायद्याची आडकाठी होती, तेव्हा पोप दुसरा ज्युलियस याच्याकडून खास सूट घेतली गेली. आर्थर आणि कॅथरिन यांच्यात शरीरसंबंध आला होता का, या प्रश्नावर त्या पत्रात 'कदाचित' असा शब्द घातलेला होता. दोन्ही शक्यता झाकल्या जाव्यात म्हणून घातलेल्या या एका शब्दावर पंचवीस वर्षांनी युरोपभरचे पंडित भांडणार होते.

१५०९ मध्ये हेन्री गादीवर आला आणि त्याने कॅथरिनशी लग्न केलं. तो अठराच्या उंबरठ्यावर होता, ती तेवीस वर्षांची. सुरुवातीची वर्षं बरी गेली असं दिसतं. १५१३ मध्ये हेन्री फ्रान्समध्ये लढायला गेला तेव्हा राज्य कॅथरिनने सांभाळलं, आणि स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला तो तिच्याच कारभारात. पण मुलं जगत नव्हती. १५११ च्या नववर्षदिनी मुलगा झाला, तो बावन्न दिवसांत गेला. अनेक बाळंतपणांतून जगली ती एकटी मेरी, १५१६ मध्ये जन्मलेली. इंग्लंड तीस वर्षांच्या यादवीतून नुकतंच बाहेर आलेलं होतं, आणि हेन्रीच्या बापाने गादी मिळवली होती ती लढाई जिंकून. मुलगी गादीवर बसली तर पुन्हा तेच सुरू होईल, ही भीती खोटी नव्हती.

१५२७ च्या सुमारास दोन गोष्टी एकत्र आल्या. कॅथरिन चाळिशी ओलांडून गेली होती, आणि हेन्री अ‍ॅन बोलीनच्या प्रेमात पडला होता. अ‍ॅन फ्रान्सच्या दरबारात वाढलेली, हुशार, आणि नुसती रखेल म्हणून राहायला साफ नकार देणारी. याच सुमारास हेन्रीला बायबलमधलं एक वचन खुपायला लागलं. लेवीयच्या पुस्तकात म्हटलंय, की भावाच्या बायकोला जो आपली बायको करतो तो निपुत्रिक राहतो. अडचण अशी, की त्याच बायबलमध्ये अनुवादाच्या पुस्तकात याच्या उलट आज्ञा आहे: भाऊ पुत्रावाचून मेला, तर त्याच्या विधवेशी दिराने लग्न करावं. दोन्ही वचनं देवाचीच. कुठलं कुठल्या परिस्थितीत लावायचं हे ठरवण्यासाठीच तर पोप होता.

खरं म्हणजे अशी प्रकरणं रोममध्ये निकालात निघत असत. फ्रान्सच्या बाराव्या लुईला १४९८ मध्ये त्याची पहिली बायको जान हिच्यापासून अशीच मोकळीक मिळाली होती. खुद्द हेन्रीची बहीण मार्गारेट हिचं दुसरं लग्न १५२७ मध्येच रोमने रद्दबातल ठरवलं. राजेरजवाड्यांसाठी एखादी तांत्रिक त्रुटी शोधून काढणारे वकील रोममध्ये मुबलक होते, आणि हेन्रीच्या प्रकरणातही तशी त्रुटी शोधता आली असती. शरीरसंबंध आला नसेल, तर बाधा वेगळ्या प्रकारची ठरते आणि तिच्यासाठी वेगळ्या शब्दांत सूट लागते. ज्युलियसच्या पत्रात तसे शब्द होते का, यावर वाद घालता आला असता. कार्डिनल वुल्झी, हेन्रीचा सर्वेसर्वा मंत्री, याला ही वाट दिसत होती.

हेन्रीने ती वाट घेतली नाही. तो स्वतः धर्मशास्त्र वाचलेला माणूस होता. १५२१ मध्ये लूथरच्या विरोधात त्याच्या नावाने पुस्तक निघालं होतं आणि त्याबद्दल पोपने त्याला 'धर्मरक्षक' ही पदवी दिली होती. त्याने मुद्दा धरला तो असा: लेवीयमधली बंदी हा देवाचा कायदा आहे, आणि देवाच्या कायद्यातून सूट द्यायचा अधिकार कुठल्याच पोपला नाही. म्हणजे ज्युलियसच्या पत्रात चूक नव्हती. ते पत्र लिहायचा अधिकारच ज्युलियसला नव्हता. हेन्री पोपकडे निकाल मागायला गेला, आणि मागितला तो निकाल असा, की पोपची सत्ता पोपला वाटते तेवढी नाही.

यातली गंमत अशी, की त्याच वर्षी हेन्रीने रोमकडे आणखी एक अर्ज गुपचूप पाठवला होता. अ‍ॅनची बहीण मेरी बोलीन ही त्याची पूर्वीची प्रेयसी. चर्चच्या कायद्याने अशा संबंधामुळेही सोयरीक तयार होते, आणि मग अ‍ॅनशी लग्न करायला तीच बाधा येते जी कॅथरिनच्या बाबतीत होती. त्यातून पोपने सूट द्यावी, असा तो अर्ज होता. एका हाताने सूट देण्याचा अधिकार नाकारायचा आणि दुसऱ्या हाताने सूट मागायची! हेन्रीला यात विसंगती दिसली नसावी. आपल्याला जे हवं तेच देवालाही हवं आहे, यावर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि मला वाटतं तेच त्याचं सर्वांत धोकादायक लक्षण होतं.

त्यातून वेळही वाईट होती. मे १५२७ मध्ये वुल्झीने वेस्टमिन्स्टरला या लग्नाची गुप्त चौकशी सुरू केली. त्याच महिन्यात सम्राट पाचवा चार्ल्स याच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं आणि पोप सातवा क्लेमेंट सांत'अँजेलोच्या किल्ल्यात अडकला. चार्ल्स हा कॅथरिनचा सख्खा भाचा. मावशीला रखेल आणि मावसबहिणीला अनौरस ठरवणारा निकाल तो पोपला देऊ देणं शक्य नव्हतं. क्लेमेंटसमोर दोन राजे होते, आणि ज्याचं सैन्य इटलीत होतं त्याला दुखवणं परवडणारं नव्हतं. त्याने अडचणीत सापडलेला माणूस करतो तेच केलं. वेळ काढला.

त्याचा प्रतिनिधी कार्डिनल काम्पेज्जो ऑक्टोबर १५२८ मध्ये लंडनला पोचला, संधिवाताने बेजार आणि घाई न करण्याच्या सूचना घेऊन. हा काम्पेज्जो स्वतः विधुर होता. बायको वारल्यावर तो धर्मसेवेत आला होता. त्याने कॅथरिनला सुचवलं, की तिने मठात जावं. त्यातून सगळ्यांची अब्रू राहिली असती. कॅथरिनने नकार दिला. ती हेन्रीची लग्नाची बायको होती, आणि देवाने तिला जोगीण व्हायला सांगितलेलं नव्हतं.

२१ जून १५२९ ला ब्लॅकफ्रायर्सच्या मठात भरलेल्या न्यायालयात ती उठली, न्यायाधीशांकडे न पाहता दालन ओलांडून नवऱ्यासमोर गेली आणि गुडघे टेकले. मी तुमच्याकडे आले तेव्हा कुमारिका होते, हे खरं की खोटं ते तुमच्या मनाला विचारा, या आशयाचं ती बोलली. या न्यायालयात मला न्याय मिळणार नाही, मी रोमकडे दाद मागते, हे तिने सांगितलं आणि ती बाहेर पडली. मागून तिच्या नावाचा पुकारा होत राहिला. ती परत आली नाही. जुलैअखेर काम्पेज्जोने रोमच्या न्यायालयांच्या उन्हाळी सुट्टीचं कारण दाखवून काम तहकूब केलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. खटला रोमला गेला. वुल्झीचं मंत्रिपद गेलं, आणि पुढच्या वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनला आणलं जात असताना तो वाटेतच वारला.

इथवर प्रश्न होता: लग्न वैध की अवैध? इथून पुढे प्रश्न बदलतो: हे ठरवायचं कोणी? थॉमस क्रॅनमर नावाच्या केंब्रिजच्या एका अध्यापकाने सुचवलं, की हा वाद धर्मशास्त्राचा आहे, तर विद्यापीठांना विचारा. १५३० मध्ये पॅरिस, बोलोन्यासारख्या विद्यापीठांकडून हेन्रीला अनुकूल मतं मिळवली गेली. त्यासाठी पैसाही सैल हाताने सोडला गेला. पण मतांनी निकाल लागत नाही. मग हेन्रीच्या विद्वानांनी जुनी दप्तरं उपसली आणि त्यातून निष्कर्ष काढला, की इंग्लंडच्या राजाच्या वर पृथ्वीवर कुणीच नाही, आणि धर्माचे खटलेही इंग्लंडमध्येच संपले पाहिजेत.

ही कल्पना कायद्यात उतरवली ती थॉमस क्रॉमवेलने. (या गोष्टीत थॉमस फार आहेत, त्याला माझा इलाज नाही.) हा वुल्झीच्या हाताखाली तयार झालेला, सामान्य घरातला वकील. त्याचं हत्यार होतं पार्लमेंट. पण पहिला घाव त्याआधीच बसला होता. परकीय सत्तेपुढे खटले नेण्याविरुद्धचा चौदाव्या शतकातला एक कायदा धूळ झटकून काढून सगळ्या धर्मगुरूंवरच आरोप ठेवण्यात आला. १५३१ मध्ये कँटरबरी प्रांताच्या धर्मगुरूंनी एक लाख पौंड भरून माफी विकत घेतली आणि राजाला चर्चचा प्रमुख मानलं, पण एक शेपूट जोडून: 'ख्रिस्ताचा कायदा परवानगी देईल तिथवर'. १५३२ मध्ये त्यांनी कायदे करण्याचा आपला स्वतंत्र अधिकारही सोडला. दुसऱ्याच दिवशी थॉमस मोरने लॉर्ड चॅन्सलरपदाचा राजीनामा दिला.

१५३३ च्या जानेवारीत हेन्रीने अ‍ॅनशी गुपचूप लग्न केलं. ती गरोदर होती, आता घाई होती. वसंतात पार्लमेंटने कायदा केला, की इंग्लंडमधले असे दावे रोमकडे अपिलात नेता येणार नाहीत. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत इंग्लंडला 'साम्राज्य' म्हटलंय. तेव्हा इंग्लंडचं राज्य दूरच्या मुलखांवर नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की या राज्याच्या डोक्यावर दुसरं कुणी नाही. माझ्या दृष्टीने या गोष्टीतला खरा तुटण्याचा क्षण हा आहे. कॅथरिनने ब्लॅकफ्रायर्सला केलेलं अपील एका कायद्याने बेकायदा झालं.

पुढचं सगळं झरझर झालं. क्रॅनमर कँटरबरीचा आर्चबिशप झाला होता, आणि तोही पोपच्याच संमतिपत्रांवर. क्लेमेंटला काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. त्याने डन्स्टेबलला न्यायालय भरवलं. कॅथरिन आली नाही. २३ मे १५३३ ला पहिलं लग्न अवैध ठरलं, १ जूनला अ‍ॅनला राज्याभिषेक झाला, ७ सप्टेंबरला मूल झालं. मुलगी. एलिझाबेथ. विवाहाचा हा निवाडा करणाऱ्या आर्चबिशपने आदल्या वर्षी जर्मनीत गुपचूप लग्न केलेलं होतं, जे त्या काळच्या नियमाने धर्मगुरूला निषिद्ध होतं. मार्च १५३४ मध्ये क्लेमेंटने अखेर निकाल दिला: कॅथरिनचं लग्न वैध. तोवर तो निकाल ऐकणारं न्यायालय इंग्लंडमध्ये उरलं नव्हतं. त्या वर्षाच्या शेवटी पार्लमेंटने राजाला चर्चचा सर्वोच्च प्रमुख जाहीर केलं. 'ख्रिस्ताचा कायदा परवानगी देईल तिथवर' हे शेपूट गळलं होतं.

आता भांडण राजवाड्याच्या बाहेर आलं. दुसऱ्या लग्नाच्या वारसांना मान्यता देणारी शपथ प्रजेला घ्यावी लागली, आणि राजाचं प्रमुखपद नाकारणं हा राजद्रोह झाला. मे १५३५ मध्ये कार्थुसियन पंथाच्या तीन मठाधिपतींना मारलं गेलं. ते आयुष्यभर मौन पाळणारे, राजकारणाशी संबंध नसलेले लोक होते. जूनमध्ये बिशप जॉन फिशर, जुलैत मोर. मोरला संत मानताना एवढं विसरू नये, की चॅन्सलर असताना त्याने पाखंडी म्हणून माणसं जाळण्याला पाठिंबा दिला होता. त्याच्या विवेकाला जी मोकळीक हवी होती, ती इतरांच्या विवेकाला द्यायला तो तयार नव्हता. त्या काळात जवळजवळ कुणीच तयार नव्हतं.

जानेवारी १५३६ मध्ये कॅथरिन वारली, शेवटपर्यंत स्वतःला राणी म्हणवत. मे महिन्यात अ‍ॅनचं डोकं उडवलं गेलं. त्याआधी दोन दिवस क्रॅनमरने तिचंही लग्न मुळात अवैध होतं असा निवाडा दिला. ज्या लग्नासाठी एवढं केलं, ते तीन वर्षांत पुसून टाकलं गेलं. पण त्यासाठी बनवलेली यंत्रणा पुसली गेली नाही. तिनेच पुढच्या चार वर्षांत सुमारे आठशे मठ बंद केले, त्यांच्या जमिनी राजाकडे आणि तिथून सरदार-जमीनदारांकडे गेल्या. उत्तरेत लोकांनी उठाव केला, तो फसवून मोडला गेला. ज्यांनी मठांच्या जमिनी घेतल्या, त्यांचा रोमशी समेट न होण्यात कायमचा हितसंबंध तयार झाला.

हे किती खोल गेलं होतं याचा पुरावा हेन्रीच्या मुलीनेच दिला. १५५३ मध्ये मेरी राणी झाली. तिला आईचं लग्न वैध ठरवायचं होतं आणि देश रोमच्या पायाशी परत न्यायचा होता. दोन्ही तिने केलं, पण पार्लमेंटच्या कायद्यानेच, आणि मठांच्या जमिनी नव्या मालकांकडेच राहतील हे मान्य करून. पोपला परत आणायलासुद्धा आता पार्लमेंट लागत होतं. १५५९ मध्ये एलिझाबेथने पुन्हा कायदा फिरवला.

या वारशाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरिनशी ठरलं आणि तिच्या आंदणात मुंबई इंग्रजांना मिळाली. तीही कॅथलिक, तिलाही मूल जगवता आलं नाही, आणि चार्ल्सनेही तिला सोडावं म्हणून त्याच्यामागे लकडा लागला. त्याला हेन्रीसारखं रोमचं तोंड पाहावं लागणार नव्हतं. सगळं घरातच होतं. तो नाही म्हणाला. औरस वारस नसल्याने गादी त्याच्या कॅथलिक भावाकडे गेली, आणि तीन वर्षांत त्याला पळून जावं लागलं. आणि पहिल्या कॅथरिनच्या खटल्यातून वेगळं झालेलं चर्च मात्र लग्नाच्या बाबतीत इतकं कडक राहिलं, की पहिला जोडीदार हयात असताना चर्चमध्ये पुन्हा लग्न लावायला त्याने सर्वसाधारण परवानगी दिली ती २००२ मध्ये.

शेवटी मला आठवतो तो आणखी एक थॉमस. थॉमस एबल, कॅथरिनचा धर्मगुरू. १५२९ मध्ये लग्नासंबंधीचा एक महत्त्वाचा कागद स्पेनहून मागवून आणायला हेन्रीने कॅथरिनकरवी त्याला पाठवलं. तो गेला, राणीचं पत्र सम्राटाला दिलं, आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं, की हे पत्र तिच्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलंय, कागद देऊ नका. परत आल्यावर तिच्या बाजूने त्याने पुस्तक लिहिलं. त्याची सहा वर्षांहून अधिक काळ लंडनच्या टॉवरमध्ये गेली. ३० जुलै १५४० ला स्मिथफील्डच्या मैदानात सहा जणांना मारण्यात आलं. तिघे प्रॉटेस्टंट, पाखंडी म्हणून जाळले. तिघे कॅथलिक, राजद्रोही म्हणून फाशी देऊन चिरले. एबल त्या तिघांतला. तोवर कॅथरिन आणि अ‍ॅन दोघी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि हेन्रीचं पाचवं लग्न नुकतंच झालं होतं.

टॉवरमधल्या त्याच्या कोठडीच्या भिंतीवर एक कोरीव खूण अजून आहे. वर थॉमस हे नाव, आणि खाली एक घंटा, तिच्यावर इंग्रजी 'ए' हे अक्षर. 'ए' आणि घंटा, म्हणजे 'ए-बेल'. स्वतःच्या नावावर केलेली छोटीशी कोटी. सात वर्षांचा खटला, पार्लमेंटचे कायदे, विद्यापीठांची मतं यांचे कागद दप्तरखान्यांत जपून ठेवलेले आहेत. निकाल कोणी द्यायचा हे ज्याला कुणी विचारलंच नाही, अशा माणसाची सही मात्र भिंतीवर राहिली आहे.